चिठ्ठी मिळाली, तपासलं कोणी? ऑनलाइन डॉक्टर सेवांचं परीक्षण

ऑनलाइन डॉक्टर निवडताना लोक आधी फी बघतात, मग तारे. दोन्हींवरून फारसं काही कळत नाही. पाच तारे देणाऱ्याचा कॉल लगेच लागलेला असतो आणि हवी ती चिठ्ठी मिळालेली असते. लिहून दिलेलं औषध त्याच्या आजारावर योग्य होतं का, हे त्याला कळणार कसं? म्हणून इथे तारे बाजूला ठेवून सरकारी नियमावलीचीच पट्टी लावली आहे.

ही पट्टी म्हणजे २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन, म्हणजे फोन, व्हिडिओ किंवा चॅटवरून रुग्ण बघण्याची, मार्गदर्शक तत्त्वं. देशभर लॉकडाऊन लागला तोच दिवस. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी तेव्हा बसवलेल्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या सोबतीने ती काढली आणि मे महिन्यात राजपत्रातून डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडली. ऑगस्ट २०२३ मध्ये, आता त्या परिषदेच्या जागी असलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी आचारसंहिता आणली खरी, पण तीन आठवड्यांत तिला स्थगिती देऊन गाडी पुन्हा २००२ च्या रुळावर आणली.

नियम जोडले गेले ते डॉक्टरांच्या आचारसंहितेला, आणि सगळी मेख तिथेच आहे. डॉक्टर चुकला तर राज्याची वैद्यक परिषद त्याला बोलावू शकते, त्याची नोंदणी रोखू शकते. ॲप चालवणारी कंपनी परिषदेची सदस्य नाही. तिच्यावर कर्तव्यं टाकली आहेत: डॉक्टर नोंदणीकृत असल्याची खातरजमा करा, त्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक दाखवा, तक्रारीची सोय ठेवा. मोडल्यास शिक्षा काय, तर काळ्या यादीत टाकणं. सुरू करण्याआधी परवाना नाही, मधूनअधून तपासणी नाही. महाराष्ट्रात चार खाटांचं नर्सिंग होम काढायचं तर १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. हजारो रुग्णांना रोज डॉक्टर जोडून देणाऱ्या ॲपला खाट नाही, म्हणून नोंदणीही नाही.

आता प्रत्यक्ष सेवा कशी तपासायची ते बघू. सर्वात उपयोगी निकष औषधांच्या याद्यांचा, आणि नेमका तोच रुग्णांना ठाऊक नसतो.

नियमावलीत औषधांचे चार गट आहेत. ‘ओ’ यादीत पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या अशी साधी औषधं; ती चॅट, फोन, व्हिडिओ, कशावरही सांगता येतात. ‘अ’ यादीतली औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर ती भेट व्हिडिओवर झालेली हवी. क्लोट्रिमाझोल किंवा म्युपिरोसिनचं मलम, खरजेचं लोशन, डोळे आल्यावरचे सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब ही या यादीतली उदाहरणं. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची आधीपासून चालू असलेली औषधं पुन्हा लिहून देणंही यातच येतं. ‘ब’ यादी म्हणजे चालू उपचारात भर घालणं, उदाहरणार्थ मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याला जोडीला सिटाग्लिप्टिन देणं. ते फक्त फेरभेटीत. चौथा गट बंदीचा: औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मधली आणि अमली पदार्थ कायद्यात येणारी औषधं. फिट्स आणि मानसिक आजारांवरच्या मोजक्या औषधांना पुढे सवलत मिळाली, पण कंबरदुखीवर सर्रास मागितलं जाणारं ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आहे. ते ऑनलाइन लिहून देणारा डॉक्टर ‘मदत करणारा’ वाटेल, पण तो गैरवर्तन करतो आहे.

‘फेरभेट’ या शब्दाची व्याख्या फार कमी जण वाचतात. त्याच डॉक्टरने, त्याच आजारासाठी, मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल तरच ती फेरभेट. म्हणजे तुमच्या गावातल्या, दिवाळीत तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनी फोनवर मधुमेहाची दुसरी गोळी वाढवली तर ते नियमात बसतं. ज्याला तुम्ही कधी समोरासमोर भेटलाच नाहीत, त्या ॲपवरच्या तज्ज्ञाने तीच गोळी वाढवली तर बसत नाही, मग त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत. खासगी ॲपवरची ‘सात दिवस मोफत फेरभेट’ ही व्यापारातली फेरभेट आहे, नियमातली नव्हे.

याद्यांची पट्टी लावली की ‘आधी टोपली, मग डॉक्टर’ हा धंदा उघडा पडतो. औषधांच्या ॲपवर तुम्ही गोळ्या टोपलीत टाकता. चिठ्ठी नाही म्हटल्यावर ‘आमचे डॉक्टर मोफत फोन करतील’ असं बटण येतं. फोन येतो, वय विचारलं जातं, ॲलर्जी आहे का विचारलं जातं, दोनतीन मिनिटांत चिठ्ठी तयार, आणि तिच्यात नेमकी टोपलीतलीच औषधं. इथे क्रमच उलटा झाला. निदानावरून औषध ठरायला हवं होतं. औषधावरून निदान लिहिलं गेलं. भेट पहिली, तीही फोनवर, म्हणजे डॉक्टरच्या हातात फक्त ‘ओ’ यादी. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक त्या यादीत नाही. ‘अ’ यादीच्या उदाहरणांतही अँटिबायोटिक आहे ते मलमापुरतं आणि डोळ्यांच्या थेंबांपुरतं. डॉक्टरचा पगार औषधविक्रीतून निघत असेल तर तो ‘हे घेऊ नका’ किती वेळा म्हणेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शिवाय घरपोच औषधांचा स्वतंत्र नियम आहे. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानदाराला ईमेलवर आलेल्या चिठ्ठीवरून घरपोच औषध द्यायची मुभा दिली. त्यातून अमली औषधं, ‘एच १’ आणि ‘एक्स’ परिशिष्टातली औषधं वगळली. जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांत आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांत दाखवायला हवी, असंही घातलं. क्षयरोगाची औषधं आणि पुढच्या पिढ्यांची सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्स ‘एच १’मध्ये येतात, ती विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. ई-फार्मसीचे, म्हणजे ऑनलाइन औषधविक्रीचे, म्हणून जे स्वतंत्र नियम यायचे होते, त्यांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला आणि मसुदाच राहिला.

चिठ्ठी हातात आली की ती केसपेपरसारखी वाचावी. नियमावलीत नमुनाच दिला आहे. वर डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, संपर्क. मग तारीख, रुग्णाचं नाव, वय, लिंग, पत्ता, लागेल तिथे उंची आणि वजन, बाईमाणूस असेल तर शेवटच्या पाळीची तारीख. डावीकडे तक्रार, पूर्वीचा आजार, तपासण्या, निदान किंवा संभाव्य निदान. उजवीकडे औषधाचं मूळ नाव कॅपिटल अक्षरांत, प्रकार, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस. खाली सही-शिक्का. व्हॉट्सॲपवर पाठवलेला सही केलेल्या चिठ्ठीचा फोटोही चालतो. ‘ताप, अंगदुखी: डोलो १-१-१’ एवढाच मेसेज मात्र चिठ्ठी नव्हे.

ताकद लिहिणं का गरजेचं, ते लहान मुलाच्या तापात दिसतं. पॅरासिटामॉलचा हिशेब वजनावर चालतो, एका वेळी साधारण किलोला १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये सिरप दोन ताकदींचं मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५०. पहिलं असेल तर सात मिलिलिटरच्या आसपास द्यावं लागतं, दुसरं असेल तर साडेतीनच्या. त्यात ड्रॉप्सची बाटली वेगळी; तिच्या एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोनला थोडं कमी. आता चिठ्ठीवर नुसतं ‘पॅरासिटामॉल सिरप ७ मिली, दिवसातून तीनदा’ लिहिलंय आणि दुकानदाराने २५० ची बाटली दिली, तर पोराला प्रत्येक वेळी दुप्पट औषध जातं. ड्रॉप्स दिले तर जवळजवळ चौपट. दवाखान्यात कंपाउंडर बाटलीवर खूण करून देतो. ऑनलाइनमध्ये तो नाही. म्हणून मुलाचं वजन न विचारता सिरप लिहून देणाऱ्या सेवेला बाकी काही न बघता नापास करावं. मुलाच्या कॉलवर सोबत मोठं माणूस हवंच, आणि त्याची ओळखही डॉक्टरने पटवून घ्यायला हवी.

उलट, चांगल्या सेवेच्या काही खुणा पहिल्यांदा त्रासदायक वाटतात. चॅट चालू असताना ‘व्हिडिओवर या’ म्हणणं. तीच गोळी हवी म्हणणाऱ्याला आधी साखरेचा रिपोर्ट मागणं. ‘हे इथे होणार नाही, पोट हाताने तपासावं लागेल, जवळच्या दवाखान्यात जा’ असं सांगून कॉल संपवणं. लोक इथेच एक तारा देतात. पण अपेंडिक्सची शंका असलेल्या पोटावर फोनमधून हात ठेवता येत नाही, आणि प्रत्यक्ष तपासायची गरज आहे का हे कॉलच्या कुठल्याही टप्प्यावर ठरवायचा अधिकार नियमाने डॉक्टरलाच दिला आहे. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना ‘नको, ऑनलाइनच करू’ असा आग्रह धरणं हे उलट गैरवर्तनात मोडतं.

सरकारी बाजूला ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टर सेवा आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बनवलेली, पूर्ण मोफत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. तिच्या दोन शाखा आहेत आणि एकीच्या अनुभवावरून दुसरीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

घरबसल्या वापरायची ओपीडी शाखा १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी, रुग्णाची माहिती, राज्य आणि ओपीडी निवडायची, जुने रिपोर्ट असतील तर चढवायचे, टोकन घ्यायचं, नंबर आला की व्हिडिओ, शेवटी ई-चिठ्ठी उतरवून घ्यायची. इथे औषध विकणारं कोणी नाही, त्यामुळे टोपलीचा मोह नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण. दोष असा की डॉक्टर तुम्ही निवडत नाही. जो मोकळा असेल तो मिळतो. पुढच्या वेळी दुसराच. म्हणून मागची चिठ्ठी हाताशी ठेवली नाही तर कहाणी पुन्हा पहिल्यापासून. सर्दी, त्वचेचं दुखणं, रिपोर्ट समजून घेणं, कोणत्या विभागात जावं हे विचारणं, एवढ्यासाठी ती उत्तम. थायरॉइड किंवा संधिवातासारख्या वर्षानुवर्षांच्या आजाराची जबाबदारी तिच्यावर टाकू नये.

दुसरी शाखा त्याआधीची, नोव्हेंबर २०१९ ची. यात रुग्ण उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जातो. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याला समोर बसवून वरच्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतो. टेलिमेडिसिनची खरी ताकद इथे दिसते, कारण फोनच्या या टोकाला शिकलेला हात आहे. रक्तदाब त्याने मोजला, वजन त्याने केलं, साखर त्याने तपासली, पाय सुजलाय का ते बोट दाबून त्याने बघितलं. डॉक्टरला ‘थोडं गरगरतंय’ याऐवजी ‘वरचा १७०, खालचा १००’ असा आकडा मिळतो. लिहून दिलेली गोळी उपकेंद्रात असली तर तिथेच हातात पडते. एक बारकावा: रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरली जाते, आरोग्य कर्मचाऱ्याने जोडून दिला तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. मागे रांग वाढली की आधी हीच पायरी गाळली जाते.

नियमन कसं असू शकतं, ते इंग्लंडकडे बघून कळतं. तिथे केअर क्वालिटी कमिशन ही संस्था ऑनलाइन डॉक्टर पुरवणाऱ्या कंपनीलाच नोंदणी करायला लावते, तपासायला जाते आणि अहवाल छापते. मार्च २०१८ मध्ये तिने सगळ्या तपासण्यांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा ४३ टक्के सेवा ‘सुरक्षितता’ या निकषावर त्या घडीला कमी पडत होत्या. नुसत्या प्रश्नावलीवर दिलेली अँटिबायोटिक्स, दम्याचे पंप भरमसाट देणं, रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरला न कळवणं, असे दोष होते. पण आकड्याहून महत्त्वाचं हे की तो आकडा निघाला. आपल्याकडे असा आकडा काढणं हे कोणाचंच काम नाही. डॉक्टरची एकेक तक्रार परिषदेकडे जाते. कंपनीने आतल्या आत किती चिठ्ठ्या किती मिनिटांत काढल्या हे कोणी मोजत नाही.

तातडीच्या दुखण्याबद्दल नियम मोजक्या शब्दांत बोलतो: ऑनलाइन डॉक्टरने प्रथमोपचार सांगावा, धीर द्यावा आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष दवाखान्यात पाठवावं. छातीत दाब, घाम, एका बाजूचा हात लुळा पडणं, श्वास लागणं, गरोदरपणात रक्तस्राव, यात ॲप उघडूच नये, १०८ लावावा. बाळंतिणीचं दुखणं फोनवर हाताळल्याने काय होतं, हे रत्नागिरीच्या प्रकरणात दिसलं. सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेल्या रुग्णाला डॉक्टर गावाबाहेर असताना फोनवरून औषधं सांगितली गेली, रुग्ण दगावली, आणि जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. निदान न करता औषध देणं हा न्यायालयाच्या दृष्टीने निष्काळजीपणा होता. त्या निकालाने डॉक्टरमंडळी इतकी धास्तावली की अनेकांनी फोनवर साधी ओआरएस सांगणंही सोडलं. २०२० ची नियमावली आल्यावर कुठे त्यांच्या पायाखाली जमीन आली.

कॉलआधी दहा मिनिटं घालवली तर निम्म्या चुका टळतात. रक्तदाब घ्यायचा तर आधी पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे सांगा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा. पुरळाचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, पिवळ्या दिव्याखाली नको. एक लांबून, एक जवळून, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. चालू औषधांची नावं आठवत बसू नका, पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवा. ॲपवरचा बॉट लक्षणं विचारून ‘तुम्हाला ॲसिडिटी असावी’ म्हणाला तर तिथेच थांबा: यंत्राला माहिती गोळा करून डॉक्टरला मदत करता येते, सल्ला देण्याची आणि औषध सांगण्याची त्याला बंदी आहे.

डॉक्टर खरा की नाही हे तपासायला दोन मिनिटं लागतात. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. नाव जुळायला हवं, आणि महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, तेही बघा. क्रमांक भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेचा निघाला तर डॉक्टर आयुर्वेद किंवा युनानीचा आहे. त्यांना टेलिमेडिसिनचे नियम वेगळे आहेत आणि वर सांगितलेल्या याद्या त्यांच्यासाठी नाहीत. क्रमांकच छापलेला नसेल तर शोधाशोध न करता पैसे परत मागावेत. चिठ्ठी थेट स्वतःच्याच औषध दुकानाकडे ढकलणाऱ्या ॲपलाही हटकावं, कारण तसं करायला तुमची स्पष्ट संमती लागते आणि औषध कुठल्याही दुकानातून घ्यायचा तुमचा हक्क राहतो.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: या नियमावलीने भारताच्या हद्दीबाहेरचे सल्ले स्वतःच वगळले आहेत. दुबईतून पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून मिळालेल्या सल्ल्याला तिचं छत्र नाही. न्यू जर्सीतून सांगलीतल्या आईसाठी कॉल करणाऱ्या मुलाचं वेगळं आहे. रुग्ण भारतात आहे, पण मुलगा ‘काळजीवाहक’ ठरतो. आई कॉलवर नसेल तर तिचं अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला कागद लागतो, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत आईने डॉक्टरला तसं सांगून ठेवलेलं असावं लागतं. आईजवळ फोन देऊन तिलाच बोलायला लावणं सगळ्यात सोपं.

तक्रारीचे रस्ते दोन, आणि मोफत की पैसे देऊन यावर ते बदलतात. फी भरली असेल तर ग्राहक आयोग खुला आहे. २०१९ च्या कायद्याने कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. तुम्ही भरलेली फी ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ई-संजीवनीसारख्या सर्वांना मोफत असलेल्या सेवेला मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायदा लागत नाही. डॉक्टरच्या वागण्याबद्दल दोन्ही बाबतींत राज्याच्या वैद्यक परिषदेकडे जाता येतं. त्यासाठी आधी नोंदी मागा, लेखी आणि डॉक्टरच्या नावाने, ॲपच्या ‘हेल्प’ चॅटवर नव्हे. कॉलची नोंद, तुम्ही पाठवलेले फोटो-रिपोर्ट आणि चिठ्ठीची प्रत, एवढं जपून ठेवणं ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत देणंही.